२४२ ने सुरू होणारी गाडी

जुनी पॉन्टिॲक जीटीओ, म्हणजे साठच्या दशकातली दणकट इंजिनाची अमेरिकन गाडी, विकणारा माणूस आधी बॉनेट उघडतो. आत क्रोमची झाकणं चमकत असतात. चावी फिरवली की इंजिन असं घुमतं की अंगावर काटा येतो, आणि तिथेच निम्मा सौदा होतो. मी मात्र गाडीजवळ गेलो की आधी ड्रायव्हरच्या बाजूने समोरच्या काचेत वाकून डॅशबोर्डवरची बारीकशी धातूची पट्टी वाचायचो. १९६८ च्या गाडीवर कारखान्याने दिलेला नंबर तिथे असतो. पहिला २ म्हणजे पॉन्टिॲक. पुढचे दोन आकडे मालिकेचे. सुरुवात २४२ ने असेल तर गाडी जीटीओ, २३७ असेल तर ले मान्स, २३५ असेल तर टेम्पेस्ट कस्टम. तिघींची मूळ बॉडी एक, खालची चासी एक. बोल्ट काढून ले मान्सचं नाक उतरवायचं, जीटीओचं चढवायचं, दोन बिल्ले लावायचे, की दहा पावलांवरून कुणालाही फरक कळणार नाही. किमतीत मात्र तो फरक भरपूर दिसतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरी डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये. आमच्या भागातली निम्मी मराठी मंडळी या ना त्या प्रकारे गाड्यांच्या धंद्यात आहेत, मीही त्यातलाच. पण आम्ही सगळे पुढच्या चार-पाच वर्षांत येणाऱ्या गाड्यांवर काम करतो. मागे वळून बघायला मला लावलं ते वुडवर्ड ॲव्हेन्यूने. डेट्रॉइटच्या मध्यातून निघून थेट पॉन्टिॲक गावापर्यंत जाणारा हा रस्ता. १९०९ मध्ये याच रस्त्याचा एक मैल काँक्रीटचा केला गेला, तो या देशातला पहिला. साठच्या दशकात गाड्या बनवणारे आणि त्या पळवणारे इथेच रात्री भेटायचे. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर ड्रीम क्रूझ भरते आणि जुन्या गाड्या सकाळपासून रात्रीपर्यंत येत-जात राहतात. तिथे पदपथावर खुर्ची टाकून बसलेलो असताना मला जीटीओने धरलं. मी ज्या पद्मिनीवर गाडी चालवायला शिकलो तिचं इंजिन १०८९ सीसीचं होतं. ६८ च्या जीटीओचं ४०० घनइंचाचं, म्हणजे साडेसहा लिटरच्या थोडं वर. पण नुसत्या आकारामुळे ती आवडली असं नाही.

आवडली ती तिच्या जन्माच्या गोष्टीमुळे. १९६३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या विभागांना (पॉन्टिॲक त्यांतलाच एक) शर्यतींपासून लांब राहायला सांगितलं. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असाही नियम होता. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन, त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस जी यांच्या ध्यानात आलं, की त्यांचं ३२६ आणि ३८९ घनइंचाचं इंजिन बाहेरून एकाच मापाचं आहे. ३२६ जिथे बसतं तिथे ३८९ सरळ बसतं. मग त्यांनी नवीन गाडी काढलीच नाही. १९६४ च्या टेम्पेस्टवर ‘जीटीओ’ नावाचा जादा पर्याय म्हणून ते मोठं इंजिन विकायला ठेवलं, कारण नियम मॉडेलला होता, पर्यायाला नव्हता. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता, त्या वर्षी ३२,४५० खपल्या. कारखान्यातल्या माणसांनी ब्लॉकची मापं हातात धरून काढलेली ही वाट आहे, आणि मी स्वतः त्याच कामातला असल्याने मला ती आजही ताजी वाटते.

१९६६ पासून जीटीओ स्वतंत्र मालिका झाली आणि नंबरात २४२ आला. म्हणून पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला मी सांगतो, ६४-६५ च्या वाटेला जाऊ नका. तेव्हा ती फक्त पर्याय असल्याने नंबरावरून काहीच सिद्ध होत नाही, सगळी भिस्त कागदांवर. मी ६८ ठरवली. त्या वर्षी बॉडी नवी आली, आणि पुढे गाडीच्याच रंगाचा एंड्युरा बंपर, पोलादाच्या सांगाड्यावर लवचीक युरेथेनचा. जाहिरातीत त्यावर पहारीचे घाव घालून दाखवले होते. त्या वर्षी ८७,६८४ जीटीओ बनल्या, त्यामुळे आजही शोधली तर सापडते आणि सुटे भागही नव्याने बनवून मिळतात. पहिल्या गाडीसाठी ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी.

पहिली बघितली ती घरापासून तासाभरावरची लालभडक गाडी. जाहिरातीत जीटीओ, बॉनेटवर जीटीओ, गुड्डीवर (म्हणजे मागच्या मडगार्डच्या पत्र्यावर) जीटीओ. काचेतून वाचलं तर २३७. विकणाऱ्याला विचारलं. त्यानेही ती तशीच घेतली होती, आणि मला वाटतं तो खरं बोलत होता. ले मान्स ही वाईट गाडी मुळीच नाही. ३५० घनइंचाचं व्ही-आठ इंजिन असलेली सरळ ले मान्स ले मान्सच्या भावात मिळाली, तर शिकायला उत्तम. पण दुसऱ्याच्या नावाने फिरणारी गाडी घेतली, की पुढे विकताना आपल्यालाही एक तर खोटं बोलावं लागतं नाही तर तोटा सोसावा लागतो.

आता गंजाबद्दल, कारण खरा विषय तोच आहे.

डेट्रॉइट शहराच्या खाली, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. तिथलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं, बर्फ वितळवतं आणि गाड्यांच्या पोटात जाऊन बसतं. मिशिगन, ओहायोमध्ये पन्नास हिवाळे काढलेली गाडी वरून कितीही देखणी असो, तिचा पत्रा कुठून सुटतो हे आता मला डोळे मिटून सांगता येईल. पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा कोपरा. मागच्या चाकांच्या पुढची-मागची गुड्डी. डिकीचा तळ. पायाखालचा पत्रा. बॉडी जिथे चासीवर रबरी गादीवर बसते ते बिंदू. मागच्या काचेची खालची खाच. गाडीवर व्हिनाइलचं छप्पर असेल तर हमखास, कारण त्याखाली शिरलेलं पाणी वाळतच नाही. आणि शेवटचं, सगळ्यात महागाचं: चासी, विशेषतः मागच्या ॲक्सलवरून कमान घेऊन जाते तो भाग. चिखल आणि मीठ तिथे आतल्या पोकळीत साठतं.

बघायला जाताना माझ्या पिशवीत फार काही नसायचं. जमिनीवर पसरायला जुनी सतरंजी, डोक्याला बांधायची विजेरी, मऊ कापडात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक आणि स्क्रू-ड्रायव्हर. चुंबक रंगावरून हळू फिरवायचं. पत्रा असेल तिथे ते ओढ घेतं, आणि खाली जाड लांबी (म्हणजे पुट्टी) भरलेली असेल तिथे सुटून हातात येतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चासी वाजवायची, तीही मालकाला विचारून. चांगलं पोलाद खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. आणि गाडीच्या खाली नुकताच काळा डांबरी थर मारलेला दिसला, तर तिथे दुप्पट वेळ घालवायचा.

हे सगळं मला अमेरिकेत कुणी शिकवलं नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात वडिलांचे एक मित्र आहेत. चाळीसेक वर्षं गॅरेज चालवलं, त्यांना मी मिस्त्रीकाका म्हणतो. ओहायोमधल्या एका गाडीखाली झोपून मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. गाडी अस्सल होती, २४२ ची. इंजिनही जन्मापासूनचं. १९६८ पासून पॉन्टिॲकने ब्लॉकवर गाडीच्या नंबराचा काही भाग कोरायला सुरुवात केली, तो डॅशबोर्डवरच्या पट्टीशी जुळत होता. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला वायएस असा कोड, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं ३५० अश्वशक्तीचं ४००. असं जुळणारं इंजिन म्हणजे संग्राहकांची पहिली मागणी. मी काकांना उत्साहाने सांगत होतो आणि ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “इंजिनाचं काय घेऊन बसलाईस? ते परत बांधता येतंय. जरा मागं जा, चाकाच्या वर उजेड मार बघू.”

मी उजेड मारला. कमानीच्या वर तीन बोटं जातील एवढ्या भागात पोलादाचे पापुद्रे सुटले होते.

“काका, हे वेल्डिंगने होईल?”

“हुईल की. माझ्या गॅरेजात हुईल. तुझी पहिली गाडी आहे. पयल्या गाडीला चासी कापायची न्हाई, बाळा.”

ती गाडी मी सोडली. तिला चासी बदलणारा, अनुभव असलेला मालक मिळावा असं मनापासून वाटलं, कारण तिचं इंजिन खरोखर दुर्मीळ होतं. पण त्या दिवशी माझी यादी उलटी झाली. तोवर माझ्या डोक्यात क्रम होता इंजिन, गिअर, रंग, मग पत्रा. आता चासी, पत्रा, कागद, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. त्यात एक फायदाही दडलेला होता. ज्या गाडीचं मूळ इंजिन हरवलंय तिच्याकडे संग्राहक वळत नाहीत, त्यामुळे तिची किंमत उतरते. पत्रा कोरडा आणि इंजिन परकं, अशी अस्सल जीटीओ शोधायची असं ठरलं.

अशा गाड्या नैर्ऋत्येच्या वाळवंटी राज्यांत असतात. तिथलं ऊन वेगळंच नुकसान करतं. डॅशबोर्ड तडकतो, सीटचा फोम भुगा होतो, दारांची रबरं दगडासारखी कडक होतात. पण रबर, फोम आणि डॅशबोर्ड विकत मिळतो. न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कच्या बाहेर एक गाडी सापडली. रंग उन्हाने इतका उडालेला की हिरवा होता हे दाराच्या आतल्या कडेवरून कळलं. एंड्युरा बंपरला चिरा, पुढची सीट फाटलेली, गाडी बरीच वर्षं उभी. मालकाने नंबर आनंदाने पाठवला: २४२३७८झेड आणि पुढे क्रमांक. ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ८ म्हणजे ६८ साल, झेड म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा कारखाना. आज त्याच जागेत टेस्ला बनते. माझा मावसभाऊ फ्रेमाँटमध्ये राहतो. त्याला सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना की त्याच्या रोजच्या वाटेवर कधीकाळी पॉन्टिॲक बनायच्या.

जायच्या आधी आम्ही पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्या नंबराचे कागद मागवले. ही सोय पॉन्टिॲकवाल्यांचं मोठं भाग्य आहे. १९६१ पासूनच्या गाड्यांची कारखान्याची मूळ बिलं त्यांच्याकडे जतन आहेत, नंबर द्या, बिलाची प्रत मिळते. आमच्या बिलात टर्बो हायड्रामॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक गिअर होता, पॉवर स्टिअरिंग, कॉर्डोवा टॉप म्हणजे व्हिनाइलचं छप्पर, आणि रंगाचा कोड क्यू, व्हर्डोरो ग्रीन. ब्रेक चारही चाकांना ड्रम, कारण पुढचे डिस्क जादा पैशांचे होते. नवीन गाडी घेणाऱ्या कुणीतरी १९६८ मध्ये कशावर पैसे खर्च केले आणि कशावर वाचवले, ते एका पानावर. मी ते पान बराच वेळ बघत बसलो होतो.

अल्बुकर्कला बायको बरोबर आली. ती हिशेबनीस आहे, आणि माझं डोकं गाडीखाली असताना तिचं कागदात होतं. टायटलवरचं नाव आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्रावरचं नाव एकच आहे का, टायटलवरचा नंबर पट्टीशी अक्षरन् अक्षर जुळतो का, कर्जाचा बोजा आहे का. अमेरिकेत गाडीचं टायटल म्हणजे आपला सातबाराच, त्यात एक आकडा चुकला तरी पुढे नावावर करताना कार्यालयात अडकतं. मी फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) बॉडीची पट्टी वाचली. तिथे ०३बी, मार्चचा दुसरा आठवडा. रंगाचा कोड बिलाशी जुळला. चासी पुढून मागपर्यंत खणखणीत वाजली. डिकीच्या तळावर धुळीखाली कारखान्याचा मूळ लेप दिसला तेव्हा मला शब्द सुचेनात.

मागच्या काचेखाली छपराचं व्हिनाइल थोडं फुगलेलं बायकोनेच दाखवलं. बोट दाबलं तर खाली कुरकुर. वाळवंटातसुद्धा ती खाच सुटत नाही! मालकाने नाकारलं नाही, किंमत त्या हिशेबाने कमी केली. इंजिन ४०० च होतं, पण या गाडीचं मूळचं नव्हतं. डिस्ट्रिब्युटरजवळ ओतकामाची तारीख असते: महिन्याचं अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. इथे शेवटचा आकडा २. म्हणजे ७२ चं, कुठल्यातरी दुसऱ्या पॉन्टिॲकमधून आलेलं. मला हेच हवं होतं, आणि त्याचं आणखी एक कारण आहे. ६८ च्या जीटीओचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.७५ ला १. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर ते ठोकतं. ७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं, ७२ च्या ४०० चं ८.२ च्या आसपास. ताकद कमी, पण रोज चालवता येणारं इंजिन. पैसे दुसऱ्या दिवशी बँकेतच दिले, मालक, मी आणि बायको तिघं एका टेबलाशी, आणि सही झालेलं टायटल हातात घेऊनच बाहेर पडलो. गाडी उघड्या ट्रेलरवरून मिशिगनला आली. इथे नावावर करताना किमतीच्या सहा टक्के कर भरावा लागतो, तो बजेटमध्ये आधीच धरलेला बरा.

घरी आल्यावर पहिलं काम ब्रेकचं. होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळं नवं. मग पेट्रोलची टाकी. आतून गंजाची पूड निघत होती, साफ करण्यात अर्थ नव्हता, नवीच बसवली. गाडी सुरू करायची घाई माझ्या मित्रांना फार होती. “एकदा आवाज तर ऐकू दे,” म्हणून सगळे गॅरेजमध्ये उभे. मी चावी लावली नाही. पॉन्टिॲकच्या त्या काळच्या इंजिनांत कॅमच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) चाकाला आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे दात असत. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने ते दात ठिसूळ होतात, तुटून ऑइल चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाची जाळी बुजवतात. तेलाचा दाब गेला की बेअरिंग गेलं. म्हणून आधी पुढचं टायमिंग कव्हर उघडलं. दातांच्या जागी पिवळट खुंट राहिले होते. चेंबर खोलला तर तळाशी गाळात नायलॉनचे तुकडे. त्या दिवशी इंजिन चालू केलं असतं तर आवाज ऐकायला मिळाला असता, पण थोडाच वेळ.

मग इंजिन उतरवलंच. हायड्रॉलिक क्रेन भाड्याने आणली. मशीन शॉपने बोअर (सिलिंडरची भोकं) मोजून तीस थाऊ, म्हणजे इंचाचे तीस हजारांश, मोठे करायला सांगितले, नवे पिस्टन, क्रँकची घासाई, पोलादी दातांची टायमिंग चेन. शॉपमधल्या म्हाताऱ्या कारागिराने वीसेक वर्षं पॉन्टिॲकमध्येच काम केलं होतं. त्याने ब्लॉकवर हात फिरवून तो कोणत्या वर्षांतला हे मला न विचारता सांगितलं. नव्या कॅमची आणि टॅपेटची पहिली वीस मिनिटं फार नाजूक असतात. इंजिन नुसतं घुरघुरत ठेवायचं नाही, दोन हजार आरपीएमवर धरायचं, आणि तेल जस्त जास्त असलेलं घ्यायचं. आजच्या साध्या तेलात ते कमी असतं, आणि कॅम घासून जातो. मुलीने घड्याळ धरलं, मी ॲक्सिलरेटर आणि तापमानाचा काटा. मिस्त्रीकाका व्हिडिओवर. त्यांच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. आवाज ऐकून ते म्हणाले, “सहा नंबरचा टॅपेट जरा बघ.” सहाच नंबरचं रॉकर सैल निघालं. आठेक हजार मैलांवरून, फोनच्या स्पीकरमधून.

पत्र्याचं काम मी स्वतः शिकतो आहे. कम्युनिटी कॉलेजमध्ये संध्याकाळी वेल्डिंगचा वर्ग असतो, तिथे आधी भंगाराच्या तुकड्यांवर हात बसवला. मागच्या काचेची खाच कापून नवी बसवली, ती पत्र्यावर पत्रा न चढवता कडेला कडा भिडवून. चढवलेल्या जोडात पाणी अडकतं आणि दहा वर्षांनी पुन्हा तेच. एक टाका मारायचा, लांबवर दुसरा मारायचा, मधला भाग निवू द्यायचा, नाही तर पातळ पत्रा वाकतो. एका वीतभर जोडाला अख्खा शनिवार जातो. मला हे काम इंजिनापेक्षाही आवडायला लागलंय.

मिशिगनमध्ये पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते. तिच्यावर रोजची ये-जा चालत नाही, संमेलनं, मिरवणुका, प्रदर्शनं एवढंच. ऑगस्ट महिन्याला मात्र सूट आहे, त्या महिन्यातला वापर कायद्याने यांत्रिक चाचणी धरला जातो. मी तशी पाटी घेतली आहे. गाडी अजून प्राइमरच्या करड्या रंगात आहे, सीटवर जुनी चादर आहे, बंपरच्या चिरा भरायच्या आहेत. मुलीचा आग्रह लाल रंगाचा आहे. मी तिला बिलाचं पान दाखवलं, क्यू वर बोट ठेवलं. ती म्हणाली, ज्याने हा रंग निवडला तो आता बघायला थोडाच येणार आहे? मी म्हटलं, वुडवर्डवर येईलही. व्हर्डोरो ग्रीनचे दोन नमुने मागवलेत, एक उन्हात आणि एक सावलीत धरून ठरवायचं आहे.